आमच्या तळघरातले पाणी
(मंडळाच्या मे महिन्यातील सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाईंनी मला विचारले, “मे महिन्याच्या सभेत तुम्ही कशावर बोलणार?” मी म्हटले, “पंपावर.” त्यांना वाटले मी थट्टा करते आहे. त्यांनी फलकावर आपला ‘पावसाळ्यापूर्वीची तयारी’ असा सोज्ज्वळ विषय लिहून टाकला. त्यामुळे आज काही जणी लोणच्याची बरणी, पापडांचे डबे आणि कपड्यांना येणारा कुबट वास यांविषयी चार गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून आल्या असतील. त्यांची मी आधीच क्षमा मागते. मी पंपावरच बोलणार आहे.

मी इंजिनियर नाही. माझे शिक्षण बी. ए. पर्यंत, तेही संस्कृत घेऊन. पण आमच्या इमारतीच्या तळघरातला पंप गेली पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे, म्हणजे त्याची किल्ली माझ्या दारामागच्या खिळ्याला असते. एखादीच्या गळ्यात नणंद पडावी तसा तो माझ्या गळ्यात पडला. कसा पडला ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

आपल्यापैकी जुन्या भगिनींना आठवत असेल की आपला शिवणवर्ग आमच्या इमारतीच्या तळघरात भरत असे. उतारावरून खाली गेले की डाव्या हाताला मोटारी, उजव्या हाताला सामानाची खोली. ती खोली सोसायटीने मंडळाला विनामूल्य दिली होती. नऊ शिलाई यंत्रे, कापायचे एक लांब टेबल, पुस्तकांची दोन कपाटे आणि एका पत्र्याच्या पेटीत मंडळाचे इतिवृत्त व छायाचित्रे. उताराच्या पायथ्याशी, लोखंडी जाळीखाली एक खड्डा होता आणि त्यात एक अश्वशक्तीचा एक पंप. पाऊस आला की तो आपोआप सुरू व्हायचा, घुर्र करायचा आणि आपोआप थांबायचा. कोणी त्याच्याकडे बघत नसे. घरातल्या एखाद्या थोरल्या जावेसारखे त्याचे होते: काम चालू असेपर्यंत ती आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

2005 सालच्या एप्रिलमध्ये सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. मी तेव्हा खजिनदार होते. आमच्या प्लंबरने एक अंदाजपत्रक दिले होते. त्यात तीन कामे होती. एक, खड्ड्यात दुसरा पंप बसवणे. दोन, पंपाचा विजेचा फलक तळघरातल्या भिंतीवरून काढून वर जिन्याच्या पहिल्या वळणावर नेणे. तीन, उताराच्या तोंडाशी, रस्त्याच्या बाजूला, नऊ इंचांचा उंचवटा बांधणे. त्याच सभेत कुंपणाच्या भिंतीला रंग द्यायचाही विषय होता. दोन्हींना पैसे पुरत नव्हते. मी उठून म्हणाले, “ज्या पंपाला वर्षातून चार दिवस काम, त्याला जोडीदार कशाला हवा?” सगळे हसले. मलाही माझ्या वाक्याचे कौतुक वाटले. भिंतीला फिकट पिवळा रंग लागला.

26 जुलै 2005, मंगळवार. मंगळवारी दुपारी दोन ते चार शिवणवर्ग. अकरा मुली होत्या आणि मी. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच दिवशी कुलाब्याला अवघा 73. म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या कचेऱ्यांत बसलेल्या आमच्या यजमानांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पनासुद्धा नव्हती. आम्हाला तरी कुठे होती? तळघरात पाऊस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पंप घुरघुरत होता, यंत्रे चालू होती, लग्नसराईनंतरचे ब्लाउज उसवून पुन्हा बेतायचे काम चालले होते.

मग दिवे गेले. सगळ्या एकदम “अय्या!” म्हणून हसल्या. मी मेणबत्ती शोधू लागले. मेणबत्ती लावल्यावर मला जाणवले की काहीतरी नाहीसे झाले आहे. पंपाचा आवाज. हे लक्षात यायला मला किती वेळ लागला असेल ते मी आज सांगू शकत नाही. फार नसेल, पण तेवढा वेळ गेलाच. दाराशी आले तर घोट्याइतके पाणी होते, आणि उतारावरून जे येत होते ते पावसाचे पाणी नव्हते, तो रस्ताच खाली येत होता.

मुलींना जिन्याने वर पिटाळले. जिन्याच्या डोक्याशी मोजल्या तर दहा. अकरावी, सर्वांत लहान, गिऱ्हाइकाचे पैठणीचे कापड आणायला परत आत गेली होती. तोवर पाणी मांडीपर्यंत चढले होते आणि खोलीचे दार बाहेर उघडणारे. साठ सेंटिमीटर पाणी तीन फुटी दाराला बाहेरून टेकले की त्याचा भार सुमारे 160 किलो होतो. हा हिशेब मला नंतर कळला. त्या वेळी एवढेच कळत होते की ती आतून ढकलते आहे, ओरडते आहे आणि दार भिंतीसारखे झाले आहे. आमचा पहारेकरी आणि तळमजल्यावरचे दोन तरुण पाण्यात उतरले. तिघांनी ओढूनही दार हलेना. दाराच्या फटीतून आत पाणी शिरत गेले, आतली पातळी चढली, दोन्हीकडचा भार जवळजवळ सारखा झाला, तेव्हा कुठे ते उघडले. मुलगी छातीइतक्या पाण्यातून कापडाचे बोचके डोक्यावर धरून बाहेर आली. वीज गेलेली होती हेच भाग्य म्हणायचे. फलक तळघरातच होता, आणि प्रवाह चालू असता तर पाण्यात उतरलेल्या चौघांपैकी कोण वर आले असते हे देव जाणे.

नऊ यंत्रे गेली, दोन्ही कपाटे गेली, ती पत्र्याची पेटी गेली. या स्मरणिकेत मंडळाच्या पहिल्या वर्षांची छायाचित्रे का नाहीत असे नव्या सभासद विचारतात, त्याचे उत्तर हे आहे. पहारेकऱ्याला पुढच्या आठवड्यात ताप आला आणि डोळे पिवळे झाले. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ पसरली होती. तो अकरा दिवस रुग्णालयात होता आणि बरा होऊन आला. मी रोज डबा घेऊन जात असे. त्याने एकदाही पंपाचा विषय काढला नाही. त्याने काढला असता तर मला बरे वाटले असते.

पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीचे एक वयस्कर स्थापत्य अभियंता इमारत बघायला आले. मी त्यांना एकच गोष्ट विचारली: दुसरा पंप असता तर? त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि जमिनीवर बसून हिशेब मांडला. तो हिशेब मी इथे मांडणार आहे, कारण पंपाचे सगळे शास्त्र त्यात आहे आणि त्याला स्वयंपाकघरातल्या मोजमापापलीकडचे काही लागत नाही.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एवढे एकच पाठ करा. आमचा उतार बारा मीटर लांब आणि चार मीटर रुंद, म्हणजे 48 चौरस मीटर. त्याच्यावर 944 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 45,000 लिटर. तळघर 300 चौरस मीटरचे. हे सगळे पाणी त्यात पसरले तर किती चढेल? पंधरा सेंटिमीटर. घोट्याच्या थोडे वर. मग छातीइतके पाणी आले कुठून?

रस्त्यावरून आले. चार मीटर रुंदीच्या तोंडावरून पंधरा सेंटिमीटर खोलीचे पाणी खाली कोसळू लागले तर मिनिटाला वीस हजार लिटरच्या पुढे पाणी आत येते. आमच्यासारखा एक अश्वशक्तीचा पंप तेवढी उंची चढवून मिनिटाला फार तर दोनशे लिटर बाहेर टाकील. दोन पंप असते तर चारशे. “बाई,” ते म्हणाले, “दहा पंप असते तरी तळघर भरलेच असते. पंधरा मिनिटांत भरले ते सोळा मिनिटांत भरले असते.” मला क्षणभर हायसे वाटले. मग त्यांनी त्याच अंदाजपत्रकातल्या तिसऱ्या कामावर बोट ठेवले. नऊ इंचांचा उंचवटा. सगळ्यांत स्वस्त काम. तेवढ्याने सगळे पाणी थांबले असते असे नाही, पण पाणी आत यायला बराच उशीर झाला असता आणि त्या वेळात मुली सावकाश, यंत्रे उचलून वर गेल्या असत्या. माझ्या विनोदाबरोबर तेही काम रद्द झाले होते.

म्हणून भगिनींनो, पंपाच्या आधी उंबरठा. आपल्या जुन्या घरांना उंबरठा होता तो उगाच नव्हे. उताराच्या तोंडाशी चढ हवा, चढाच्या आतल्या बाजूला आडवी जाळी आणि चर हवा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत खाचा ठेवून त्यांत वेळेला फळ्या सरकवता आल्या पाहिजेत, पूर्वी दुकानांना असत तशा. गच्चीचे पाणी उताराकडे येता कामा नये. तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर तीस हजार लिटर होतात. ते सरळ खालच्या गटारात गेले पाहिजे. मी अशी एक इमारत पाहिली आहे की जिच्या गच्चीचा नळ नेमका उताराच्या माथ्यावर सोडलेला आहे. विचारले तर म्हणतात, उतार धुतला जातो!

शिवाय पाणी वरून येते तसे खालूनही येते. रस्त्यावरचे गटार तुडुंब भरले की ते उलटे वाहते आणि तळघराच्या मोरीतून वर येते. त्यासाठी त्या नळात एकेरी झडप बसवतात. पाणी बाहेर जाताना ती उघडते, आत येऊ लागले की मिटते. तिच्यात कचऱ्याचा एक तुकडा अडकला की ती मिटत नाही, म्हणून मे महिन्यात ती उघडून साफ करायची.

एवढे केल्यावर जे उरते ते पंपाचे काम. भिंतीतून झिरपणारे पाणी, उतारावर पडलेला पाऊस, मोटारींच्या चाकांबरोबर येणारे पाणी. ते सगळे सर्वांत खोल जागी केलेल्या खड्ड्यात जमते. यालाच संप म्हणतात. (आपल्याकडे काही जण पिण्याच्या पाण्याच्या खालच्या टाकीलाही संप म्हणतात. दोन्हींची गल्लत करू नका. पंपवाल्याची एकदा झाली होती, त्याचे वर्णन जेवणाच्या आधी नको.) खड्ड्यातल्या पंपाला एक फ्लोट असतो, आपल्या फ्लशच्या टाकीत चेंडू असतो त्याच जातीचा. पाणी चढले की तो वर येतो आणि पंप सुरू करतो. पाणी उतरले की खाली जातो आणि बंद करतो. पंपावरून जो नळ वर जातो त्यातही एकेरी झडप हवी, नाहीतर पंप थांबताक्षणी नळातले सगळे पाणी पुन्हा खड्ड्यात. आणि त्या नळाचे बाहेरचे तोंड रस्त्यावर साचणाऱ्या पाण्यापेक्षा उंच हवे. आमचे तोंड पूर्वी कुंपणाच्या आत, उताराच्याच बाजूच्या चरात होते. पंप पाणी वर टाकी, चर ते उतारावरून परत खाली पाठवी आणि पंप ते पुन्हा वर टाकी. सासुरवाशीण माहेरी जाऊन संध्याकाळी परत यावी तसे ते चालले होते. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण पंप तर चालू होता!

आपला पंप पुरेसा आहे की नाही हे बघायला कोणाला बोलवावे लागत नाही. आमचा खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आहे. त्यात पाणी भरून पंप चालू करायचा आणि घड्याळ लावायचे. मिनिटाला दहा सेंटिमीटर पाणी उतरले तर पंप मिनिटाला शंभर लिटर टाकतो आहे. डब्यावर छापलेला आकडा मानू नका. जितके उंच चढवायचे तितके पाणी कमी येते, आणि जुन्या पंपाची गत आपल्या गुडघ्यांसारखी असते. मग जोराच्या पावसात पंप मिनिटभर बंद ठेवून पाणी किती चढते ते मोजायचे. येणारे जाणाऱ्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी बोलायचे, सर्वसाधारण सभेची वाट पाहायची नाही.

आता जोडपंप. 2006 साली आम्ही दुसरा पंप बसवला. त्याचा फ्लोट पहिल्यापेक्षा थोडा वर आहे. पहिला थकला किंवा अडला तरच दुसरा जागा होतो आणि त्याच वेळी वर जिन्यात घंटा वाजते. घंटा फार महत्त्वाची. 2005 साली आम्हाला पाण्याची खबर शांततेने दिली होती, आणि शांतता कोणाला ऐकू येते? दोन्ही पंप आळीपाळीने चालवतो, कारण नुसता बसून राहिलेला पंप गंजून घट्ट होतो.

पण दोन्ही पंप एकाच विजेवर असतील तर वीज गेल्यावर दोन्ही बसतील. म्हणजे आपण दोन पंप घेतले, पण आधार एकच घेतला. म्हणून दुसरा पंप लहान, अर्ध्या अश्वशक्तीचा घेतला आणि तो इन्व्हर्टरवर ठेवला. मोटार सुरू होताना एकदम पाच-सहापट प्रवाह ओढते, त्यामुळे पंख्यासाठी घेतलेला इन्व्हर्टर मोठ्या पंपापुढे मान टाकतो. वायरमनला आधी विचारूनच घ्यावा. आमच्या दोन बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी बारा व्होल्ट आणि 150 अँपिअर-तासांच्या. चोविसाला दीडशेने गुणले की 3600 होतात. पंप पाच-सहाशे वॅट ओढतो. कागदावर सहा तास होतात, प्रत्यक्षात तीन-चार धरावेत, आणि बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या की तेही नाही. त्यांतले पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर घालायचे, नळाचे नव्हे. फलक आणि बॅटऱ्या पहिल्या वळणाच्या वर आहेत. ज्या फलकाने पंप चालतो तोच बुडत असेल तर पंप कितीही चांगला असून काय कामाचा?

याचा मोठा दाखला परदेशात घडला आहे. 2012 सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सँडी वादळ आले. तिथल्या बेलव्ह्यू रुग्णालयाची जनित्रे तेराव्या मजल्यावर होती. केवढा शहाणपणा! पण त्यांना तेल पुरवणारे पंप तळघरात होते आणि तळघर बुडाले. मग तिथल्या माणसांनी जिन्यावर रांग करून तेलाचे डबे हातोहात तेरा मजले चढवले. मी हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचा टँकर आणि कळशांची रांग उभी राहिली. आधाराला आधार कोणाचा आहे आणि तो कुठे उभा आहे, हे एकदा शेवटपर्यंत शोधून बघावे लागते.

तिसरा आधार म्हणून सोसायटीने डिझेलवर चालणारा एक फिरता पंप घेतला. त्याचे इंजिन तळघरात कधीही न्यायचे नाही. त्याच्या धुरातला विषारी वायू बंद जागेत माणसाला झोपवतो आणि त्याला वास नसतो. इंजिन वर उघड्यावर आणि नळी खाली. वरून ओढणारा पंप साधारण सात मीटरपर्यंत पाणी ओढतो, आपली तळघरे त्याच्या आत बसतात. 2005 साली भाड्याने आणलेला पंप दोघेजण उचलून उतारावरून खाली नेत होते, अभियंत्यांनी ओरडून थांबवले. त्यांनी आणखी एक सांगितले जे मला कधी सुचले नसते: भरलेले तळघर एका दमात रिकामे करू नका. बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली असते आणि ती भिंतींना आत ढकलत असते. आतले पाणी भिंतींना आतून टेकू देत असते. तो टेकू थोडा थोडा काढायचा. आम्ही दोन दिवस घेतले.

तयारी एवढी झाली म्हणून सगळे सुरळीत झाले असे समजू नका. 29 ऑगस्ट 2017, पुन्हा मंगळवारच, गणपतीचे दिवस. सांताक्रूझला 331 मिलिमीटर. पहिल्या पंपाचा फ्लोट एका प्लास्टिकच्या पिशवीने अडकला. निर्माल्य भरून कोणीतरी ती उतारावर ठेवली होती. घंटा वाजली आणि दुसरा पंप चालू झाला. तोवर ठीक. मग पुरुषमंडळींनी मोठ्या थाटात डिझेल पंप बाहेर काढला, आणि तो सुरू होईना. घेतल्यापासून कोणी तो चालवलाच नव्हता. टाकीतले डिझेल वर्षानुवर्षांचे होते, आणि चोखणीच्या नळीला उंदरांनी भोके पाडली होती. उंचवट्याने आणि फळ्यांनी रस्ता अडवून धरला म्हणून तळघरात पाणी घोट्याच्या वर गेले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: जूनपासून दर रविवारी सकाळी खड्ड्यात चार बादल्या ओतायच्या, दोन्ही फ्लोट काठीने उचलून बघायचे, बाहेर पाणी पडते का हे एकीने जाऊन डोळ्यांनी पाहायचे, आणि डिझेल पंप दहा मिनिटे चालवायचा. महिन्यातून एकदा विजेच्या फलकावरचे चाचणीचे बटण दाबायचे; वीज अंगात उतरण्याआधी जे यंत्र प्रवाह तोडते ते जिवंत आहे की नाही हे त्यानेच कळते. पिण्याच्या टाकीचे तोंडही आम्ही दोन फूट उंच केले. 2005 साली तिच्यात गटार शिरल्यावर कित्येक दिवस टँकरच्या पाण्यावर काढले होते.

शहराचे मी फार सांगत नाही. मुंबईची जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल तर. 1993 सालच्या अहवालाने ती दुप्पट करायला सांगितली होती. 2005 च्या पुरानंतर त्याला वेग आला आणि हाजी अली, इर्ला, गझदरबंध अशी मोठाली पंपघरे झाली. म्हणजे आमच्या खड्ड्यात आहे तेच, फक्त अवाढव्य. शहरालाही एक तळघर आहे असे म्हणा. पण त्याची किल्ली माझ्याकडे नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला त्याकडे येते. मंडळाचे पाळणाघर सुरू करायचे ठरते आहे. ती फार निकडीची गोष्ट आहे, माझी स्वतःची सून नोकरी करते. कार्यकारिणीपुढे सूचना अशी आली आहे की आमच्या तळघरातली ती खोली आता कोरडी असते, पंप दोन आहेत, घंटा आहे, भाडे नाही, तर तिथेच पाळणाघर करावे. सूचना आणणाऱ्या भगिनी माझ्या मैत्रीण आहेत आणि त्यांनी भाषणात माझेच कौतुक केले: “ताईंचा पंप असताना भीती कसली?”

मी आज जाहीर सांगते, माझ्या पंपावर भरवसा ठेवून एकही मूल खाली नेऊ नका.

मोटार बुडाली तर विमा आहे. 2024 सालच्या 27 जुलैला दिल्लीत राजेंद्रनगरला तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी गेले. मोठी, हुशार, पायांवर धावणारी मुले. 2022 सालच्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात वादळाच्या पावसात लोक इमारतीखालच्या मोटारी काढायला उतरले आणि सात जण तिथेच राहिले. मोटारी हलवा अशी सूचना इमारतीच्याच ध्वनिक्षेपकावरून दिली होती. चांगल्या हेतूने दिलेली सूचना होती. माझेही ते सभेतले वाक्य सोसायटीचे पैसे वाचवण्याच्या चांगल्याच हेतूने होते.

त्या दिवशी अकरा मुली होत्या, त्या जिना चढू शकत होत्या. पाळणाघरात वीस मुले असतील आणि दोन सांभाळणाऱ्या. एका बाईला एका वेळी किती उचलता येतात? दोन. वीस मुलांना किती खेपा? पहिली खेप वर पोचवून ती परत उतरते तोवर दाराला 160 किलो टेकलेले असतील. हा हिशेब मी रात्री अंथरुणावर पुष्कळदा केला आहे आणि तो कधीच जुळत नाही. शिवाय तळघर माणसांच्या राहण्यावावरण्यासाठी नसते, हे बांधकामाच्या नियमांतही आहे. आम्ही तिथे शिवणवर्ग घेत होतो तोही चुकीचाच होता, आणि तो घेणारी मीच होते.

मी नुसता विरोध करून बसणार नाही. तळमजल्यावर आमच्या सोसायटीची कचेरी आहे. तिथे महिन्यातून दोनदा सभा होते आणि एरवी कॅरम खेळतात. कचेरीची कपाटे आणि कॅरम खालच्या खोलीत जाऊ शकतात, पाळणाघर वर येऊ शकते. कागदपत्रे मात्र वरच ठेवावीत. मंडळाची पेटी एकदा गेली तेवढे पुरे. सोसायटीच्या चिटणिसांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, कॅरमवाले ऐकणार नाहीत. कॅरमवाल्यांपैकी दोघे आज दाराशी उभे आहेत, ते मघापासून ऐकत आहेत. (हशा.) त्या दोघांपैकी एकाने 2005 साली ते दार ओढले होते, त्यामुळे मला त्याच्याकडून नकाराची धास्ती नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही खड्ड्याची चाचणी घेणार आहोत. बादल्या आहेत. एकीने घड्याळ आणावे, एकीने विजेरी, आणि ज्यांच्या इमारतीला तळघर आहे त्यांनी आपापल्या प्लंबरला बरोबर घेऊन यावे. किल्ली माझ्या दारामागे, डावीकडच्या खिळ्याला आहे. मी घरात नसले तर शेजारच्या बिऱ्हाडात माझ्या दाराची किल्ली असते. रात्री-अपरात्री घंटा ऐकू आली तर माझी झोपमोड होईल म्हणून थांबू नका.